शेठ, इंजिन सकाळीच गरम कसं?

श्री. रा. रा. एजंटशेठ यांस,
पत्र्याची शेड, हायवेलगत.



पत्राला उशीर झाला. आपण पाठवलेली कामंच इतकी होती की पेन धरायला हात मोकळा नव्हता. आपली-माझी समोरासमोर ओळख नाही, एका टेबलावर कधी चहा झाला नाही, तरी धंदा मात्र दोघांच्या भागीदारीत चालू आहे. आपण जुना ट्रेलर विकता, घेणाऱ्याकडून आणि देणाऱ्याकडून कमिशन घेता, गाडीला झेंडूचा हार घालता, पेढा भरवता. थोड्याच दिवसांत तीच गाडी दुसऱ्या गाडीमागे साखळीनं ओढली जात माझ्या दारात येते. हार सुकलेला असतो, पण काढलेला नसतो.

मी कळंबोलीला डिझेल इंजिनं बांधतो. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलून चाकणला, रांजणगावला नेणारे ट्रेलर माझ्या गॅरेजवरून जातात. आपण विकलेले तेवढे थांबतात. माझ्या पोरीची इंजिनिअरिंगची फी कुणी भरली असं उद्या कुणी विचारलं, तर मी खोटं का बोलू? आपणच भरलीत. या उपकाराची फेड म्हणून हे पत्र उघड लिहितोय. आपलं कौशल्य चार लोकांना कळावं, एवढाच हेतू.

आपल्या शेडवर गिऱ्हाईक आलं की काय काय होतं ते मला पाठ आहे, कारण प्रत्येक जण माझ्याकडे येऊन तेच सांगतो. आधी चहा. मग टायर. ‘एकही रिमोल्ड नाही, सगळे कंपनीचे.’ मग कॅबिनचा नवा रंग, सीटची नवी रेक्झिन, नॅशनल परमिट, इन्शुरन्सची तारीख, आणि ‘लोनचं टेन्शन घेऊ नका, फाइल माझ्याकडे द्या.’ गिऱ्हाईक टायरला लाथ मारतं, कॅबिनमध्ये चढून हॉर्न वाजवून बघतं. टायरला लाथ मारली की गाडीची परीक्षा झाली, ही समजूत आपण एवढी वर्षं जिवापाड जपलीत. इंजिनाची पाळी शेवटी येते, तोवर जेवायची वेळ झालेली असते आणि आपलं ठरलेलं वाक्य तयार असतं : ‘इंजिनाला पाना लागलेला नाही.’

शेठ, या वाक्यासाठी आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. सात-आठ लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाला पाना लागलेला नाही, म्हणजे टॅपेट कधी सेट केले नाहीत, नोजल उतरवून तपासले नाहीत, वॉटर पंपाकडे कुणी पाहिलं नाही. हे सांगताना विकणाऱ्याचा चेहरा पडायला हवा. आपला फुलतो, आणि त्याला बघून गिऱ्हाइकाचाही फुलतो.

आता आपली पहाटेची साधना. गिऱ्हाईक म्हणतं, सकाळी सहाला येतो. आपण पाचलाच पोऱ्या पाठवून इंजिन चालू करून ठेवता. गिऱ्हाईक आलं, किल्ली फिरवली, की गाडी जागेवर सुरू. ‘बघा, हाफ सेल्फ!’ गिऱ्हाईक खूश. वाचकांसाठी सांगतो, शेठ, आपल्याला ठाऊकच आहे : डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा दाबून इतकी तापवायची की तिच्यात फवारलेल्या डिझेलनं आपसूक पेट घ्यावा, एवढाच सगळा खेळ. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, बोअर घासलं, की दाबलेली हवा बाजूनं खाली निसटते आणि पुरेशी तापत नाही. मग थंड इंजिन बॅटरी बसेपर्यंत सेल्फ खातं, आणि सुरू झालं तरी पांढरा धूर ओकत राहतं. तेच इंजिन एकदा तापलं की तासभर शहाण्यासारखं वागतं. आपला सगळा धंदा त्या तासाभरात बसतो. म्हणून विचारतो, रात्रभर शेडमध्ये उभ्या गाडीचं इंजिन सकाळीच गरम कसं? गिऱ्हाइकानं चावी मागण्याआधी एक्झॉस्टच्या पाइपाला नुसता हात लावला असता, तरी त्याचे बरेच पैसे वाचले असते. हात भाजला असता, तो सोसला असता.

ऑइलच्या बाबतीतही आपला हात सढळ. कंपनी पंधरा-डब्ल्यू-चाळीस घाला म्हणते, आपण त्यात गिअरचं जाड ऑइल मिसळता. झिजलेल्या बेअरिंगांचा ठोका दबतो, निळा धूर चार दिवस कमी होतो, ऑइल प्रेशरचा काटा ताठ उभा राहतो. गाडी घाटात जाऊन ऑइल पातळ होईपर्यंत चेक वटलेला असतो.

आमच्यात एक साधी तपासणी आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायचं, उलटं करून त्याच भोकावर नुसतं टेकवायचं. ठीक असलेल्या इंजिनावर ते जरा थरथरतं. रिंगा गेलेल्या इंजिनावर ते नाचतं आणि उडून खाली पडतं, भोकातून धुराचे भपकारे येतात. याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. आपण एका गिऱ्हाइकाला यावर काय सांगितलंत ते मी जपून ठेवलंय : ‘टर्बो आहे ना भाऊ, पॉवर जास्त आहे, म्हणून उडतं.’ धन्य.

आणि गाडीचा ड्रायव्हर? तो नेहमी गावाला गेलेला. किती किलोमीटरमागे किती लिटर ऑइल टॉप-अप करावं लागतं, चढाला काटा कुठवर जातो, पाणी किती पिते, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. आपल्या शेडमधल्या एकजात सगळ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या घरी एकाच वेळी लग्नं कशी निघतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपण जतकडच्या एका पोराला टाटाची ३५१८ विकलीत. आठवेल, कारण त्यानं पैसे मोजून दिले होते. पोरगा कैक वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर हाकत होता, आता मालक व्हायचं म्हणून आईचे दागिने बँकेत ठेवून डाउन पेमेंट भरलं. खोपोली सोडून घाट सुरू झाला आणि काटा लाल रेघेला टेकला. गाडी कशीबशी उलटी फिरवून माझ्याकडे आणली. मी रेडिएटरची ड्रेनची चावी सोडली. पाणी यायला हवं होतं, नीट ठेवलेली गाडी असती तर रंगीत कूलंट आलं असतं. आला पिवळा गाळ. बोटांवर घेऊन वास घेतला. हळद! गळकी जाळी बुजावी म्हणून वाटीभर हळद आत गेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला लावतात, तशी विक्रीच्या आदल्या दिवशी आपण रेडिएटरला लावलीत आणि सासरी पाठवून दिलंत. हळदीनं भोक दोन दिवस बुजतं हे खरं. पण ती भोक कुठलं आणि वाट कुठली हे बघत नाही, बारीक नळ्याही बुजवते. थर्मोस्टॅट बघितला तर जागेवर नव्हताच, काढून फेकलेला. तो असता, तर ट्रायलच्या वेळी काटा खरं बोलला असता.

हेड उतरवलं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळालेलं, तो भाग सोडून द्या. पिस्टनच्या डोक्यावर काजळी होती, ती खरवडली आणि खाली आकडा दिसला : १.००. पोराला काही कळलं नाही, मी मात्र स्टूल ओढून खाली बसलो. ते कमिन्सचं पाच पूर्णांक नऊ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन. त्याला वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्याच बोअरमध्ये चालतो. मूळ बोअर १०२ मिलिमीटरचं. झिजलं की ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतात, पुन्हा झिजलं की एक मिलिमीटर मोठा. त्यापुढे पिस्टन नाही. पुढे एकतर स्लीव्ह मारा नाहीतर ब्लॉक बदला. म्हणजे ‘पाना न लागलेल्या’ या इंजिनाचे पिस्टन आपोआप एक मिलिमीटरनं वाढले होते. निसर्गाचा असा चमत्कार आपल्याच शेडमध्ये घडतो. पोरानं आपल्याला फोन लावला, स्पीकरवर. आपण म्हणालात, ‘तुम्हाला वापरायची कळली नाही.’ मग लाइन गेली.

ब्लॉक धरून काम दोन लाखांच्या पुढे गेलं. दर महिन्याचा हप्ता वेगळा, तो गाडी उभी आहे की चालू हे विचारत नाही.

आपली एक गोष्ट मात्र मानावी लागेल. माणसं गाडी बघायला येतात, इंजिन बघायला कुणी येत नाही, हे आपण आमच्या आधी ओळखलंत. जुन्या गाडीत कॅबिन पत्र्यावाला सरळ करतो, पाटे लोहार भरतो, टायर हप्त्यानं मिळतात. इंजिन हीच खरी गाडी, बाकीचं तिच्यावर चढवलेलं. तरी गिऱ्हाइकानं ‘यात कुठलं इंजिन आहे?’ असं विचारलं की आपण हसता आणि म्हणता, ‘इंजिन म्हणजे इंजिन.’ विचारणारा लाजतो. बरंच आहे, नाहीतर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. ते मी देतो.

टाटाच्या जुन्या गाड्यांच्या नंबरातच निम्मी माहिती असते. पुढचे दोन आकडे टनांचे, मागच्या दोनांना दहानं गुणलं की अश्वशक्ती. ३५१८ म्हणजे पस्तीस टन, एकशे ऐंशी. ४०१८ म्हणजे वजन पाच टनांनी वाढलं, अश्वशक्ती तेवढीच. टनामागे साडेचार अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर चालून जातं. बोरघाटात तेच इंजिन खालच्या गिअरात, पूर्ण रेसवर, चढ संपेपर्यंत तळपत असतं, आणि तिथंच हेड, गॅस्केट, टर्बो यांचं आयुष्य ठरतं. त्यात २०१८ साली सरकारनं ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. त्याच्याआधी बनलेल्या गाडीचं इंजिन, क्लच, रेडिएटर जुन्याच वजनाच्या हिशेबानं बनलेले. आपण मात्र सगळ्यांना एकच मंत्र देता : ‘आता पासिंग वाढलंय, बिनधास्त भरा.’ ज्याला बंदरातून घाट चढून देशावर जायचं आहे त्यानं मोठ्या इंजिनाची गाडी बघावी, मग रंग उडालेला असला तरी चालेल. ज्याला उरण-पनवेलच्या सपाटीवर यार्डातून यार्डात कंटेनर हलवायचे आहेत त्याला एकशे ऐंशी पुरतात. आपण घाटवाल्याला लहान इंजिन विकता आणि सपाटीवाल्याला जास्त डिझेल पिणारं मोठं. दोघंही माझ्याकडे येतात. तक्रार नाही.

‘कमिन्स आहे, डोळे झाकून घ्या’ हे आपलं दुसरं ब्रीद. नाव मोठं आहे, वाद नाही. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत हे इंजिन पुण्यात कोथरूडला आलं, १९९३ साली टाटांबरोबर जमशेदपूरला कंपनी निघाली, पुढे आपल्या फलटणलाही कारखाना झाला. सुटे भाग जिथं मागाल तिथं मिळतात, मिस्त्री प्रत्येक हायवेला आहे. पण नाव कंपनीचं आणि झीज मालकाची. डोळे झाकूनच घ्यावं लागतं, कारण उघडले तर झाकण नाचताना दिसतं.

त्याहून जुनं टाटाचं ६९७. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेन्झचा करार १९५४ ते १९६९ चालला, त्या घराण्यातलं हे इंजिन : सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचं बोअर. डोळे मिटून खोलता येतं, खेड्यातल्या मिस्त्रीलाही येतं. टँकरला, टिपरला, साखर कारखान्याच्या वाहतुकीला अजून चालेल. त्याच्यामागे चाळीस फुटी कंटेनर लावायला सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर एजंट.

यांत्रिक पंपाच्या इंजिनाची एक मोठी सोय आहे. पंपाला आम्ही अजून मायको पंपच म्हणतो, कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी. पंपवाला तो बाकावर चढवतो, डिलिव्हरी मारतो, त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर. त्यापुढच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबानं फवारलं जातं आणि कधी, किती फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. ॲव्हरेज चांगलं देतं, धूर कमी. पण त्या इंजेक्टरला स्वच्छ डिझेल लागतं. ‘बायोडिझेल’ म्हणून हायवेलगत स्वस्तात विकलं जाणारं तेल पाजलं, की इंजेक्टरांचा एक सेट एका सीझनची कमाई घेऊन जातो. अशी गाडी विकताना आधीचा मालक कुठलं तेल भरत होता हे आपण सांगत नाही. सांगितलंत तर मैत्रीत अंतर येईल.

आणि आता युरिया. या विषयात आपण डॉक्टरेट केलेली आहे.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचं बीएस-४ मानक आलं. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बीएस-३ गाड्या १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत, मग शेवटच्या दोन दिवसांत सवलतींचा पाऊस पडला. त्यामुळे २०१७ ची गाडी म्हटलं की नुसतं साल बघून भागत नाही, आत कुठल्या पिढीचं इंजिन आहे ते आरसीवर वाचावं लागतं. आपण ‘२०१७ ची आहे’ म्हणता आणि पुढचं वाक्य गिळता. बीएस-४ ला कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. टाटानं मोठ्या गाड्यांत सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारायची व्यवस्था दिली, त्यानं धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंचा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. अशोक लेलँडनं धुराचा काही भाग गार करून पुन्हा इंजिनातच फिरवायची वाट धरली. पहिल्यात युरियाचा खर्च आणि सेन्सरांची कटकट. दुसऱ्यात युरिया नाही, पण काजळी परत आत जाते, ऑइल लवकर खराब होतं, धूर गार करणारा कूलर फुटला तर पाणी इंजिनात. कुठलं घ्यावं? माझं मत असं, की युरियावाली गाडी चालेल, मालकानं बिलं ठेवली असतील आणि टाकीत खरंच युरिया असेल तर. लेलँड चालेल, ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर. दोन्ही ‘तर’ आपल्या शेडमध्ये मिळत नाहीत.

आपल्याकडे तिसरीच जात मिळते. ‘युरिया बंद करून दिलाय, खर्चच नाही.’ गिऱ्हाइकाला वाटतं बक्षीस मिळालं. वायरिंगमध्ये एक छोटी डबी लावलेली असते, ती कॉम्प्युटरला सांगत राहते की सगळं ठीक चाललंय. डबी एक दिवस बंद पडते, इंजिन आपण होऊन ताकद कमी करतं, आणि भरलेला ट्रेलर कसाऱ्याच्या चढाला चालत्या माणसाच्या वेगानं जातो. कायद्यानं हे बसत नाही ते वेगळंच. जिथं युरिया चालू ठेवलाय तिथंही आपला हात लागलेला असतो : शेतातला पोत्यातला युरिया बादलीत विरघळवून टाकी भरलेली. २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला आहे. पिकाला उत्तम. फवारणीच्या बारीक नोजलला मात्र तो लेप आणि त्यातला कचरा सोसत नाही, पांढरे खडे धरतात. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर काठावरच कळतं. मापातलं द्रावण साडेबत्तीस टक्क्यांचं आणि पाण्यासारखं नितळ असतं, त्याला बादली लागत नाही. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्याही आता आपल्याकडे यायला लागल्यात. त्यांच्या सायलेन्सरमधली काजळीची जाळी आतून पोकळ केलेली मी बघितली आहे. आपण काळाबरोबर राहता.

स्वस्तातली गाडी, हे आपलं खास दालन. कंपनी हिंदुस्थान सोडून गेली की तिच्या गाड्यांचे भाव पडतात आणि आपले डोळे चमकतात. मॅन कंपनीनं २०१८ साली इथला धंदा गुंडाळला. गाडी दमदार, इंजिन मोठं, किंमत निम्मी. मग एक सेन्सर जातो आणि मालक तो शोधत दिल्लीपर्यंत फोन करतो. भुजच्या एएमडब्ल्यूचीही कंपनी बुडाली, पण तिच्या बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं इंजिन होतं. कॅबिनचं हँडल मिळायला त्रास होतो, पिस्टन-रिंग कोपऱ्यावर मिळते. गाडी कुठल्या कंपनीची हे बघून माणसं घाबरतात किंवा भाळतात, खरा प्रश्न आतलं इंजिन कुणाचं आणि त्याचं सामान आपल्या गावापासून किती लांब मिळतं हा आहे. हा प्रश्न विचारला की आपण पुन्हा चहा मागवता.

फायनान्सवाल्यानं ओढून आणलेल्या गाड्यांविषयी थोडंच लिहितो. यार्डात अख्खा पावसाळा उभी राहिलेली गाडी बाहेरून धुतली की चकाचक होते. आत सायलेन्सरच्या उभ्या पाइपातून पाणी उतरलेलं असतं, रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात, आणि कधी मूळ टर्बो, कधी कॉम्प्युटर रात्रीतून दुसऱ्या गाडीत गेलेला असतो. आपण तिला ‘फक्त उभी होती, चाललेलीच नाही’ असं म्हणता. डिझेल इंजिनासाठी याहून वाईट शिफारस मला माहीत नाही.

कागदांवर आपली सही नसते, हेही कौतुकाचं. भंगारातून आणलेलं दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून दिलंत, ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळत नाही, आरटीओत नोंद नाही. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला तोच नंबर वाचतो. राजधानी परिसरात दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ साली बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. त्यातली आपण ‘दिल्लीची आहे, प्लेन रोडवर चाललेली’ म्हणून विकता. आणि उलट दिशेला, ज्याला दिल्लीचं भाडं करायचं आहे त्याला बीएस-३ विकता. बाहेरच्या राज्यांतल्या अशा मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत मज्जाव आहे. आठ वर्षांपुढच्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांपुढच्या जड गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासूनच साडेबारा हजारांवर गेली. हे हिशेब आपल्या कॅल्क्युलेटरवर उमटत नाहीत. त्यावर फक्त हप्ता येतो.

सगळे एजंट असे नसतात. इंजिनाचा दोष आधी सांगून त्याचे पैसे किमतीतून वजा करणारे एजंट मला माहीत आहेत. त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे फक्त सर्व्हिसिंगला येतात, त्यामुळे माझा त्यांच्यावर थोडा रागच आहे.

असो. आता थोडं वाचकांशी बोलतो, आपण तोवर चहा घ्या.

जुना ट्रेलर घ्यायला निघालेल्या मंडळींनो, गाडी बघायला जाताना आपला मिस्त्री बरोबर न्या. तो एजंटच्या ओळखीचा नको, आणि त्याची दिवसाची मजुरी आधीच ठरवा. एजंटला आदल्या रात्रीच बजावून ठेवा की आम्ही येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. गेल्यावर इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी न सांगता जा. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघा, डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत चोळून बघा, ऑइलचं झाकण उलटं टेकवून बघा. नव्यानं चंदेरी रंगवलेलं इंजिन दिसलं तर बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा शोधा. बाटलीभर ऑइल लॅबमध्ये तपासायला द्या. त्यात लोखंड किती, तांबं किती, माती किती हे आकडे येतात, आणि त्यांना चहा पाजून गप्प करता येत नाही. गाडी भरलेली असताना घाटात चालवून बघायची मागणी करा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली ओढते. आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसीशी जुळवल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका.

कळावे, लोभ आहेच, तो कमी झाला तरी चालेल.

आपला कृपाभिलाषी,
एक डिझेल मिस्त्री, कळंबोली

ता. क. जतच्या पोराची गाडी आता चालू आहे. त्यानं जुना पिस्टन, १.०० लिहिलेला, कॅबिनमध्ये ठेवलाय. तो तुमच्या शेडवर येणार आहे, पैसे परत मागायला, आणि बरोबर पावती व माझा लेखी रिपोर्ट आहे. ग्राहक आयोगात तक्रारीचा अर्ज तयार आहे, तारीख तेवढी टाकायची राहिली आहे.